छायाचित्राचे ऋण

दिवाळी हा जसा दिव्यांचा सण आहे, तसा अलीकडे तो फोटोंचाही सण झाला आहे. नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान आटोपून घरातली मंडळी फराळाला बसतात, तोच कोणीतरी ओरडते, "थांबा, कोणी हात लावू नका!" मग चकल्या, करंज्या, शेव आणि अनारसे ताटात शिस्तीने मांडले जातात आणि त्यांचा फोटो निघतो. नंतर रांगोळीचा निघतो, आकाशकंदिलाचा निघतो. आजीला मधोमध खुर्चीवर बसवून नातवंडे भोवती गोळा होतात. एका फोटोत धाकट्याचे डोळे मिटलेले असतात म्हणून दुसरा काढावा लागतो. दुसऱ्यात आजीच दुसरीकडे पाहत असते म्हणून तिसरा. भाऊबीजेपर्यंत घरात शे-दोनशे फोटो सहज जमतात आणि त्यासाठी कोणाच्याही खिशातला एक पैसा गेलेला नसतो.

यात वाईट काही आहे असे मी म्हणत नाही. सणासुदीच्या दिवशी हातात छडी घेऊन उभा राहणारा मास्तर मी नव्हे. घरात आनंद आहे आणि तो आनंद धरून ठेवावा असे माणसाला वाटते, ही फार चांगली गोष्ट आहे. परंतु या फुकटपणाविषयी माझ्या मनात गेली काही वर्षे एक प्रश्न घोळतो आहे. फोटो खरोखरच फुकट असतो काय? आणि नसेल, तर त्याची किंमत कोण चुकवते?

मराठी भाषेने या प्रश्नाचे उत्तर आधीच देऊन ठेवले आहे, असे मला कधीकधी वाटते. आपण फोटो 'काढतो'. हे क्रियापद आपल्याकडे फार संसारी आहे. आपण रांगोळी काढतो, पहाटे उठून गाईची धार काढतो, मुलाची दृष्ट काढतो, पायातला काटा काढतो. पण यांखेरीज आणखी तीन गोष्टी आपण काढतो. दूर गेलेल्या माणसाची आपण आठवण काढतो. भांडणात एकमेकांची लाज काढतो. आणि अडीनडीला सावकाराकडून कर्ज काढतो. फोटो काढणे या एका क्रियेत ही तिन्ही 'काढणी' एकत्र आली आहेत. फोटोने आठवण काढता येते, हे सर्वांना ठाऊक आहे. फोटोने लाज काढता येते, हे ज्याची निघाली असेल त्याला ठाऊक असते. परंतु प्रत्येक फोटो हे एक लहानसे कर्ज असते आणि ते दुसऱ्याच्या चेहऱ्यावर, दुसऱ्याच्या क्षणावर काढलेले असते, ही गोष्ट मात्र आपण विसरून गेलो आहोत.

जुनी माणसे ती विसरली नव्हती. फोटो काढल्याने आयुष्य घटते, अशी समजूत आपल्या देशात एके काळी होती. चित्रपटांचे जनक दादासाहेब फाळके यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी बडोद्यात फोटोग्राफीचा धंदा मांडला होता. तो नीट चालला नाही, याचे एक कारण लोकांची हीच भीती होती, असे त्यांच्या चरित्रात सांगतात. कॅमेरा माणसाच्या अंगातली शक्ती ओढून घेतो, असे लोक म्हणत. आज आपण या समजुतीला हसतो, आणि शास्त्र म्हणून ती हसण्याजोगीच आहे. कॅमेरा फक्त प्रकाश घेतो, आणि तोही आपल्या अंगावर पडून परत फिरलेला. त्याने आयुष्य एका क्षणानेही कमी होत नाही. परंतु भोळ्या समजुतीच्या टरफलात पुष्कळदा एखाद्या खऱ्या गोष्टीचा दाणा असतो. आपल्यातले काहीतरी दुसऱ्याच्या हाती जात आहे आणि ते पुढे कोठे जाईल यावर आपला ताबा राहणार नाही, एवढे त्या माणसांना बरोबर कळले होते. त्यांचे शरीरशास्त्र चुकले, नीतिशास्त्र चुकले नव्हते.

मग मधल्या काळात हे कर्ज आपल्याला जाणवले कसे नाही? मला वाटते, त्या काळात फोटो काढणाऱ्याच्याही पदराला खार लागत असे. आज चाळिशीत असलेल्या माझ्यासारख्यांच्या लहानपणी फिल्मच्या रोलवर ३६ फोटो निघत. हात सफाईने चालला तर एखादा जास्त मिळे, आणि तो लाभ झाला म्हणजे घरात कौतुक होई. रोल विकत घ्यायचा, तो धुवायला द्यायचा, चार दिवस वाट पाहायची आणि मग कागदावरच्या फोटोंचे पैसे मोजायचे. लग्नाला रोल दोन आणि पाहुणे दोनशे असले म्हणजे कोणाचा फोटो काढायचा याचा विचार करावाच लागे. तो विचार खर्चापोटी होई, सद्गुणापोटी नव्हे. पण विचार होत असे खरा.

हा खर्च संपवणारे यंत्र जन्माला आले ते फिल्म विकणाऱ्या कंपनीच्याच घरात. १९७५ साली अमेरिकेतील रॉचेस्टर येथे कोडॅक कंपनीतील स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्याने फिल्मशिवाय चालणारा कॅमेरा जुळवला. त्याचे वजन सुमारे साडेतीन किलो होते. त्याने काढलेले चित्र काळेपांढरे असे आणि ते अवघ्या १०,००० ठिपक्यांचे बनलेले असे. एक चित्र कॅसेटच्या फितीवर उतरायला २३ सेकंद लागत आणि ते पाहायला टेलिव्हिजनचा पडदा लागे. आज खिशातल्या साध्या मोबाईलच्या चित्रात कोट्यवधी ठिपके असतात आणि सेकंदाला अनेक चित्रे निघतात. ज्या कोडॅकच्या घरात हे बाळ जन्मले, तिने २००९ साली आपली विख्यात कोडाक्रोम फिल्म बंद केली आणि २०१२ च्या जानेवारीत दिवाळखोरीचा अर्ज केला. व्यापाराच्या इतिहासातली ही कथा पुष्कळांनी सांगितली आहे. मला तिच्यातली दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. कॅमेऱ्याच्या मागे उभ्या असलेल्या माणसाचा खर्च शून्यावर आला. कॅमेऱ्याच्या पुढे उभ्या असलेल्या माणसाचा खर्च मात्र होता तेवढाच राहिला. किंबहुना तो वाढला. पूर्वी त्याचा चेहरा एका अल्बममध्ये चिकटवला जाई. आज तो संध्याकाळच्या आत हजार अनोळखी घरांत जाऊ शकतो.

या ठिकाणी हौशी मंडळींचे एक उत्तर ठरलेले असते. ते म्हणतात, "आम्ही काय केले? जे समोर होते ते कॅमेऱ्याने टिपले. आरसा जसा दाखवतो तसेच." मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या माणसाने यंत्रविद्येवर फार बोलू नये, हे मला समजते. पण गोडी लागली म्हणजे माणूस वाचतो, विचारतो, आणि काही गोष्टी त्याला समजतात. त्यांतली एक अशी. बहुतेक डिजिटल कॅमेऱ्यांत फिल्मच्या जागी जी चकती बसवलेली असते, तिच्यावर प्रकाश मोजणाऱ्या सूक्ष्म पेशी असतात. या पेशींना रंग कळत नाही, फक्त उजेड कमी की जास्त एवढेच कळते. म्हणून १९७६ साली पेटंट मिळालेल्या ब्राइस बायर यांच्या युक्तीप्रमाणे त्यांच्यावर रंगीत गाळण्या बसवतात: निम्म्या पेशींवर हिरवी, पाव पेशींवर लाल आणि पाव पेशींवर निळी. याचा अर्थ असा की प्रत्येक पेशी तीन रंगांपैकी एकच रंग मोजते. उरलेले दोन रंग यंत्र शेजारच्या पेशींवरून अदमासाने ठरवते. आपण ज्याला वास्तवाची हुबेहूब नक्कल समजतो, त्या रंगांतला दोनतृतीयांश भाग हा शहाणपणाने केलेला अंदाज असतो!

तीच गोष्ट आयएसओ या आकड्याची. हा आकडा वाढवला म्हणजे अंधारात फोटो निघतो, पण म्हणून कोठून जादा प्रकाश येत नाही. मिळालेला थोडा प्रकाशच मोठा करून दाखवला जातो. शाळेच्या स्नेहसंमेलनात एखाद्या लाजऱ्या मुलीचा आवाज ध्वनिक्षेपकातून मोठा केला की आवाजाबरोबर खरखरही मोठी होते, तसे अंधारातल्या फोटोत दाणे दिसू लागतात. अ‍ॅपर्चर उघडे ठेवले की मागची वस्ती धूसर होऊन विरघळते आणि माणूस एकटा उरतो. ते लहान केले की तोच माणूस आपल्या झोपडीसह, आपल्या उंबरठ्यासह दिसू लागतो. दोन्ही फोटो खरेच. पण कोणते खरे दाखवायचे हे कोणी ठरवले? कॅमेऱ्याने नव्हे. म्हणून 'जे होते ते टिपले' ही सबब टिकत नाही. फोटो हे साक्षीदाराचे निवेदन असते, आणि साक्षीदाराला आपल्या शब्दाची जबाबदारी घ्यावी लागते.

ही चर्चा कोणाला फार सूक्ष्म वाटेल म्हणून एक साधे उदाहरण देतो. आमच्यासारख्या खेड्यातल्या शाळांत जून महिन्यात वह्यांचे वाटप होते. शहरातली दानशूर मंडळी येतात, फळा सजवला जातो, फलक टांगला जातो. एका वर्षी सातवीतल्या एका मुलाला वह्या देताना पाहुण्यांचा फोटो नीट आला नाही. फोटो काढणारा म्हणाला, "बाळ, त्या परत दे आणि पुन्हा घे." मुलाने वह्या परत दिल्या आणि पुन्हा घेतल्या. या खेपेला तो पाहुण्यांकडे पाहत होता, म्हणून त्याला तिसऱ्यांदा घ्यायला लावले आणि कॅमेऱ्याकडे बघून हसायला सांगितले. तो हसला. संध्याकाळपर्यंत तो फोटो गावातल्या बहुतेक मोबाईलवर पोचला होता. पुढच्या जूनमध्ये वह्यांच्या यादीत त्याने नाव दिले नाही. जुन्या वह्यांतली कोरी पाने काढून त्याने ती दाभणाने शिवली आणि त्या वहीवर तो वर्षभर गणिते सोडवत राहिला.

देणाऱ्यांचा हेतू वाईट होता, असे मी म्हणणार नाही. वह्या चांगल्या होत्या, कागद जाड होता. त्या मंडळींनाही आपल्या संस्थेला हिशेब दाखवायचा असतो, आणि फोटो पाहून आणखी चार जण देणगी देतात हेही खरे. पण त्या दिवशी एका फोटोने आठवण, लाज आणि कर्ज या तिन्ही गोष्टी काढल्या. आठवण पाहुण्यांना मिळाली, लाज मुलाची निघाली आणि कर्ज मात्र कोणाच्याच वहीत मांडले गेले नाही. पुढे आमच्या मुख्याध्यापिकाबाईंनी नियम केला की वाटप वर्गात होईल आणि तेथे कॅमेरा येणार नाही. फोटो हवा असेल तर वह्यांच्या ढिगाशेजारी पाहुण्यांनी उभे राहावे. एकदोघांनी नाके मुरडली. वह्या मात्र येत राहिल्या.

पण हा नियम सगळीकडे लागू करता येईल काय? येथे प्रश्न खरोखर अवघड होतो. दुःखाचा फोटो काढूच नये असे ठरवले, तर दुःख झाकून ठेवणाऱ्यांची सोय होईल. जे दिसत नाही त्याचा न्यायही होत नाही. १९०८ साली लुईस हाइन या अमेरिकन गृहस्थाने न्यूयॉर्कमधील शिक्षकाची नोकरी सोडली आणि बालमजुरीविरुद्ध काम करणाऱ्या राष्ट्रीय समितीसाठी कॅमेरा खांद्यावर घेतला. तो सूतगिरण्यांत गेला, खाणींत गेला, शिंपल्यांच्या कारखान्यांत गेला. मालक आत सोडत नसत म्हणून कधी तो आगीचा तपासनीस बनला, कधी बायबल विकणारा. आत गेल्यावर मुलाची उंची तो आपल्या कोटाच्या गुंड्यांवरून मोजी, आणि नाव, वय, कामाचे तास विचारून टिपून घेई. त्याच्या फोटोंनी अमेरिकेची झोप मोडली. बालमजुरीला देशभर आळा घालणारा टिकाऊ कायदा व्हायला १९३८ साल उजाडले. पण त्या कायद्याच्या पायात या शिक्षकाच्या काचांचे तुकडे आहेत. आपल्या मुंबईत सुधारक ओलवे यांनी महानगरपालिकेच्या सफाई कामगारांचे जे फोटो काढले, तेही याच जातीचे. शहर ज्यांच्याकडे पाहत नव्हते, त्यांच्याकडे पाहायला त्यांनी शहराला भाग पाडले. त्यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली.

हाइनने मालकांना फसवले हे खरे. मुलांना मात्र फसवले नाही. नाव विचारणे ही लहान गोष्ट वाटते, पण तिच्यात सगळे आहे. त्याच देशातले दुसरे उदाहरण पाहा. १९३६ सालच्या मंदीत डोरोथिया लँग ही सरकारी कामावर असलेली छायाचित्रकार महिनाभराचा दौरा संपवून घरी चालली होती. कॅलिफोर्नियात निपोमो येथे वाटाणे तोडणाऱ्या मजुरांच्या तळाची पाटी तिला दिसली. ती पुढे वीस मैल गेली आणि मनाला चैन पडेना म्हणून परत फिरली. तंबूत ३२ वर्षांची एक आई मुलांना बिलगून बसली होती. लँगने थोड्या वेळात तिचे काही फोटो घेतले. त्यांतला एक पुढे जगातल्या सर्वांत प्रसिद्ध फोटोंपैकी एक ठरला. वर्तमानपत्रात फोटो येताच सरकारने त्या तळावर धान्य धाडले आणि उपाशी मजुरांच्या तोंडी घास पडला. पण ते धान्य पोचले तेव्हा ती आई आणि तिची मुले पुढच्या कामाच्या शोधात निघून गेली होती.

लँगने तिचे नाव विचारले नव्हते. हे तिने स्वतःच पुढे लिहिले आहे. ती आई आपल्याला साह्य करते आहे, या फोटोंचा तिलाही उपयोग होईल असे तिला वाटते आहे, असेही लँगला तेव्हा जाणवले होते. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्प्सन हे त्या बाईचे नाव जगाला कळले ते १९७८ साली. तो फोटो काढला नसता तर बरे झाले असते, आपल्याला त्यातून काहीच मिळाले नाही, असे ती म्हणाली. लँगलाही त्या फोटोवर पैसे मिळाले नव्हते. तो सरकारचा म्हणजे सर्वांचा होता. १९८३ साली फ्लॉरेन्स आजारी पडली आणि तिच्या मुलांनी लोकांपुढे हात पसरला, तेव्हा देशाच्या कानाकोपऱ्यांतून ३५,००० डॉलरहून अधिक रक्कम आली. सोबत पत्रे होती. त्या फोटोने आपल्याला धीर दिला, असे माणसांनी लिहिले होते. ती पत्रे वाचून मुलांचा राग निवळला. ज्या फोटोची त्यांना लाज वाटे, त्याचा त्यांना अभिमान वाटू लागला. फ्लॉरेन्स त्याच वर्षी वारली.

या कथेत दुष्ट कोणी नाही. लँग सहृदय होती, फोटो उपयोगी पडला, मजुरांना अन्न मिळाले. तरीही सत्तेचाळीस वर्षे एक कर्ज थकले होते. ते अखेर फेडले ते लँगने नव्हे, सरकारने नव्हे. ज्यांनी तो फोटो नुसता पाहिला होता अशा अनोळखी माणसांनी. फोटोचे ऋण काढणाऱ्यावर असते तसे पाहणाऱ्यावरही असते, हे मी या गोष्टीवरून शिकलो. म्हणून दुःखाचा फोटो काढावा की नाही, या प्रश्नाला मला सुचणारे उत्तर असे आहे: काढावा, पण तो ज्याचा आहे त्याच्यासाठी काढावा, आणि तो माणूस आपल्या लेखी नाव असलेला माणूस असावा. वह्या घेणाऱ्या मुलाचा फोटो त्याच्यासाठी नव्हता. हाइनने काढलेला गिरणीतल्या पोरीचा फोटो तिच्यासाठी होता. दोन्ही फोटोंत गरिबी आहे. फरक आहे तो कर्ज कोणाच्या नावावर काढले यात.

हौशी माणसाला एवढ्या मोठ्या प्रसंगांना तोंड द्यावे लागत नाही. त्याची परीक्षा लहान गोष्टींत होते, आणि पुष्कळदा ती दुकानातच सुरू होते. कोणती लेन्स घ्यावी, हा प्रश्न मला तांत्रिक वाटत नाही. पन्नास मिलीमीटरची साधी लेन्स लावून माणसाचा चेहरा टिपायचा तर त्याच्या हाकेच्या टप्प्यात जावे लागते. तो आपल्याला पाहतो, कपाळाला आठी घालतो किंवा हसतो. त्याला 'नको' म्हणण्याची संधी असते. चारशे मिलीमीटरची लांब लेन्स लावली की रस्त्याच्या पलीकडून त्याच्या डोळ्यांतले पाणी घेता येते आणि त्याला पत्ताही लागत नाही. बिबट्यासाठी किंवा घारीसाठी ही लेन्स योग्यच आहे. तेथे दूर राहणे हीच सभ्यता आहे. घाटावर अस्थी विसर्जन करणाऱ्या माणसावर ती रोखणे ही मात्र चोरी आहे, मग फोटो कितीही सुंदर येवो. तीच गोष्ट आवाजाची. जुना कॅमेरा 'खट्' असा वाजे; ती एक प्रकारची दारावरची कडी होती. नव्या कॅमेऱ्यांत पूर्ण निःशब्दपणे फोटो घेण्याची सोय आहे. जपानात आणि दक्षिण कोरियात विकल्या जाणाऱ्या मोबाईलना फोटो काढताना आवाज करायला लावतात, ते उगाच नव्हे. कडी न वाजवता घरात शिरणाऱ्याला आपण काय म्हणतो, हे सांगायला नको.

होमाई व्यारावाला हे नाव आपल्याला अभिमानाचे आहे. त्या भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत त्या शिकल्या आणि पुढे दिल्लीत स्वातंत्र्याचा सारा काळ त्यांनी कॅमेऱ्यात धरला. १९७० साली, हात आणि डोळे शाबूत असताना, त्यांनी कॅमेरा खाली ठेवला. नव्याने या धंद्यात आलेल्या मंडळींचे वागणे त्यांना पटेनासे झाले होते. त्यानंतर त्या २०१२ पर्यंत जगल्या, २०११ साली पद्मविभूषण झाल्या, पण त्या व्यवसायात परतल्या नाहीत. फोटो न काढणे हाही छायाचित्रकाराच्या कलेचा भाग आहे, हे इतक्या शांतपणे क्वचितच कोणी सांगितले असेल.

येथवर वाचून कोणाला वाटेल की या मास्तराला जुना रोल परत हवा आहे. तसे मुळीच नाही. डिजिटल कॅमेऱ्याने संयम कठीण केला हे खरे, पण सौजन्य फार सोपे केले आहे. जुन्या काळी फोटो काढून घेणाऱ्या माणसाला आपण कसे दिसलो हे कळतच नसे. बाजारात बसलेल्या म्हाताऱ्याचा फोटो काढून शहरातला पाहुणा निघून जाई, आणि त्या म्हाताऱ्याच्या चेहऱ्याचे काय झाले हे देव जाणे. आज फोटो निघताच कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या पडद्यावर तो त्याला दाखवता येतो. "बाबा, हे पाहा, आवडला का?" असे विचारता येते. नाही म्हणाला तर त्याच्यादेखत पुसून टाकता येतो. ज्याचा चेहरा त्यालाच पहिला नकार देण्याचा हक्क, ही सोय फोटोग्राफीच्या इतिहासात प्रथमच इतकी सहज झाली आहे. आपण पुसण्याचे बटण वापरतो ते फक्त आपला हात हलला म्हणून. ते दुसऱ्याच्या मनासाठीही वापरता येते, हे आपल्याला कोणी शिकवत नाही. शिकवले पाहिजे.

माणसांचे हे झाले. फुलापाखरांचे काय? त्यांना तर विचारताही येत नाही. सातारा जिल्ह्यातले कासचे पठार २०१२ साली जागतिक वारशाच्या यादीत गेले. पावसाळ्याच्या अखेरीस तेथे सीतेची आसवे, गेंद आणि तेरडा असा काही फुलतो की पाहणाऱ्याचे भान हरपते. आणि भान हरपलेली माणसे फुलांच्या मधोमध बसून फोटो काढतात. ज्या सौंदर्यासाठी आलो त्यावरच बसायचे, ही तऱ्हा विचित्र आहे. फुलांचा फोटो काढायचा तर कडेला ओणवे व्हावे, वारा थांबण्याची वाट पाहावी, ऊन तिरपे होऊ द्यावे. चांगल्या फोटोची ही सारी तंत्रे पाहिली तर त्यांत एक गंमत आहे. ती सगळी थांबण्याची तंत्रे आहेत.

थांबण्याचे सर्वांत सुंदर उदाहरणही फाळक्यांचेच आहे. 'राजा हरिश्चंद्र' काढण्यापूर्वी त्यांनी एका कुंडीत वाटाणे पेरले आणि तिच्यासमोर कॅमेरा ठेवला. महिनाभर ते थोडी थोडी चित्रे घेत राहिले. 'अंकुराची वाढ' हा तो मिनिटभराचा चित्रपट. वाटाण्याचे रोप वर चढताना पाहून माणसे थक्क झाली. मिनिटभराच्या चित्रासाठी महिनाभर पाहणे! आपला हिशेब आज उलटा आहे. आपण क्षणभर पाहतो आणि शंभर फोटो घेतो. ते शंभर फोटो पुढे मोबाईलच्या पोटात पडून राहतात. काढणाऱ्यानेही ते पुन्हा पाहिलेले नसतात. स्फूर्ती कोठून मिळते असे हौशी मंडळी नेहमी विचारतात. मला वाटते, ती नव्या यंत्रात नसते, दूरच्या प्रवासातही नसते. कुंडीसमोर महिनाभर बसण्याची तयारी असेल तर ती घरच्या खिडकीत येते. ज्याच्याकडे आपण पुरेसे पाहिले, त्याच्या ऋणातून आपण अर्धे मोकळे झालेलो असतो. लक्ष देणे हीच या कर्जाच्या फेडीची पहिली किस्त.

उरलेली फेडही फार अवघड नाही. या दिवाळीत रस्त्याच्या कडेला पणत्या विकणाऱ्या बाईचा फोटो काढावासा वाटला, तर जवळ जाऊन विचारावे. तिचे नाव विचारावे. काढलेला फोटो तिला दाखवावा. तिला नको असेल तर पुसावा. तिला आवडला, तर पेठेतल्या दुकानात तो कागदावर उतरवून घ्यावा आणि तुळशीच्या लग्नापर्यंत ती तेथे असेल तोवर तिच्या हाती नेऊन द्यावा. यात यंत्राची कसोटी लागत नाही. लागते ती माणसाची. संसारात कर्ज काढावेच लागते. दुसऱ्याच्या चेहऱ्यांवाचून, दुसऱ्यांच्या क्षणांवाचून आपल्या आठवणींचे घर उभे राहत नाही. म्हणून फोटो काढण्यात अपराध नाही. आपण ते कर्ज काढले आहे याचा विसर पडणे, हा मात्र अपराध आहे. आणि फोटो फुकट झाल्यापासून तो आपल्या हातून फार सहज होऊ लागला आहे.